हळदीची पिल्लं

श्रीवर्धनला आमच्या घरामागे पाऊण एकराची पोफळीची वाडी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तिच्यातली निम्मी झाडं आडवी झाली. पडलेली खोडं, झावळ्या, विऱ्या हलवायला माणसं मिळेनात. जे ढीग राहिले ते दोन पावसाळ्यांत कुजून गोगलगायींचं आजोळ झाले. तेव्हापासून जून ते सप्टेंबर आमचा नेम ठरलेला आहे. रात्री जेवणं आटोपली की विजेरी, हातमोजे आणि मिठाच्या पाण्याची बादली घेऊन वाडीत उतरायचं. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळीच अंथरलेली असतात, ती उलटायची आणि वेचायचं. एका फेरीत दीडशे-दोनशे सहज मिळतात. भेंडी-दोडक्याची रोपं, पपईचा कोवळा शेंडा, झेंडू, त्यांना काही वर्ज्य नाही. विहिरीकडची चुन्याची भिंतसुद्धा त्या रात्रभर खरवडतात. कवचाला चुना लागतो, आणि आमच्या जांभ्याच्या आंबट मातीत तो कुठला मिळायला.

हे आधी सांगितलं कारण पुढे मी त्याच गोगलगायी तीन वर्षं घरात पाळल्या, आणि सगळ्यांनी मला जे विचारलं, की ज्या मारता त्याच पाळता कशाला, ते वाचणाराही विचारणारच.

जुलै २०२२. माझा पुतण्या ओजस तेव्हा सहावीत होता. बादलीत टाकता टाकता थांबला आणि म्हणाला, "काकू, ही वेगळी आहे." नेहमीच्या गोगलगायीचा शंख मातकट पिवळा असतो आणि त्यावर तपकिरी उभे पट्टे असतात, कोणी घाईत कुंचला ओढावा तसे वेडेवाकडे. हिच्यावर एकही पट्टा नव्हता. टोकापासून तोंडापर्यंत दुधात हळद कालवावी तसा एकसारखा रंग. अंग मात्र इतरांसारखंच करडं. ओजसने जागच्या जागी तिचं नाव हळद ठेवलं, आणि नाव ठेवलेलं जनावर मिठाच्या पाण्यात टाकणं मला जमेना.

सासूबाई म्हणाल्या, "आता शत्रूला पाटावर बसवून जेवू घाला."

त्यांचं चुकत नव्हतं. ही मूळची पूर्व आफ्रिकेची लिसाकॅटिना फुलिका, जुन्या पुस्तकांतली अकॅटिना. विल्यम बेन्सन नावाच्या शंखांच्या अभ्यासकाने १८४७ साली मॉरिशसहून आणून ती कोलकात्यातल्या एका बागेत सोडली, आणि पुढचं सगळं आपण भोगतोय. मी घरात अट घातली की डब्यातलं काहीही, अंडं असो की पिल्लू, जिवंत बाहेर जाणार नाही. सासूबाईंना फ्लोरिडाची हकीकत सांगितली. १९६६ साली एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी मायामीला आणल्या आणि त्याच्या आजीने त्या बागेत टाकून दिल्या. सात वर्षांत त्यांच्या अठरा हजारांहून जास्त झाल्या, आणि त्या संपवायला सरकारला दहा लाख डॉलरच्या वर खर्च आला. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आजीचीच चूक होय?" त्यानंतर डबा वाडीत भिरकावण्याची धमकी मात्र त्यांनी कधी दिली नाही.

घर म्हणजे आईस्क्रीमचा चार लिटरचा डबा. झाकणाला तापवलेल्या डाभणाने भोकं पाडली, आतून मच्छरदाणीचा तुकडा लावला. खाली चार बोटं माती आणि नारळाच्या सोडणाचा भुसा. माती आधी जुन्या पातेल्यात खरपूस भाजून घ्यायची, नाहीतर मुंग्या, किडे आणि नको ती अंडी तिच्याबरोबर येतात. या भाजण्याचा वास घरभर पसरतो. पहिल्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आता मातीची भाजी का?" चुन्यासाठी अंड्याची टरफलं कुटून घातली, आणि समुद्रफेन, म्हणजे माकुळाच्या अंगातलं पांढरं हाड. तो आमच्याकडे विकत घ्यावा लागत नाही, वादळी दिवसानंतर पुळणीवर हवा तेवढा पडलेला असतो. फक्त खारटपणा जाईपर्यंत चार दिवस गोड्या पाण्यात भिजवायचा.

आणि हातमोजे. उंदरांच्या फुप्फुसातला एक कृमी, अँजिओस्ट्राँगायलस, या गोगलगायींमध्ये वाढतो आणि माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे ही शिस्त मला नवी नव्हती. ओजसला मात्र साबणाने हात धुतल्याशिवाय पाण्याच्या ग्लासालाही हात लावू दिला नाही.

बाराव्या दिवशी सकाळी डब्याच्या कोपऱ्यातली माती फुगलेली दिसली. चमच्याने उकरली तर खाली साबुदाण्यापेक्षा थोडी मोठी, फिकट पिवळसर अंडी. लॅबमध्ये पांढऱ्या पेशी मोजायला टकटक दाबायचा काउंटर असतो, त्यातला जुना मी घरी आणलेला आहे. त्यावर मोजली. १४३.

डब्यात हळद एकटीच होती. "गोगलगाय नि पोटात पाय," सासूबाई म्हणाल्या. आमच्याकडे वरून गरीब दिसणाऱ्या आतल्या गाठीच्या बाईला असं म्हणतात, आणि या वेळी ते तंतोतंत लागू पडलं. गोगलगाय उभयलिंगी असते, नर-मादी एकाच अंगात. पण फुलिकाला अंडी फळायला दुसरी लागतेच. ती दुसरी वाडीत कधीतरी भेटून गेलेली होती. समागमानंतर दुसरीचं बीज ही जात महिनोन्‌महिने अंगात साठवून ठेवते आणि लागेल तसं वापरते. हे मला तेव्हा माहीत होतं, पण त्याचा अर्थ काय होतो तो कळायला पुढचं वर्ष जावं लागलं.

१५ अंडी ठेवली, बाकीची दोन दिवस फ्रीजरमध्ये घालून मग खड्ड्यात पुरली. आंबापोळीच्या मागचा तो डबा कसला होता, हे सासूबाईंना हे वाचूनच कळेल.

नवव्या दिवशी पिल्लं फुटली. पहिलं जेवण म्हणजे स्वतःच्याच अंड्याचं टरफल. मग काही दिवस मातीखालीच. मी एक बाहेर काढून भिंगाखाली धरलं. शंख मध लावलेल्या काचेसारखा, आरपार दिसणारा, आणि आत डाव्या बाजूला एक ठिपका लवकत होता. काळीज. माणसाचं इतक्या सहज बघायला मिळत नाही. पण रंगाबद्दल या वयात काहीच सांगता येत नाही, पट्ट्यांची आणि बिनपट्ट्यांची पिल्लं सारखीच दिसतात. शंख वाढतो तो तोंडाच्या कडेला नवा भाग जोडत जोडत, आणि पट्टे त्या नव्या भागात उमटतात. आमच्या डब्यात ते तिसऱ्या आठवड्यात दिसायला लागले.

पंधराच्या पंधरा पट्टेवाली. हळदीची एकही नाही.

ओजस हिरमुसला. माझ्या दिरांचं म्हणणं पडलं की खाण्याचा फरक आहे, वाडीत ती काहीतरी पिवळं खात असणार. म्हणून ओजसने पाच पिल्लांना महिनाभर गाजर, पाचांना पपईची पानं आणि पाचांना काकडी घातली. गाजरवाल्यांची विष्ठा नारिंगी झाली, पानवाल्यांची हिरवी, शंख सगळ्यांचे तसेच पट्टेदार. अंड्याचं टरफल ज्यांना जास्त मिळालं त्यांचा शंख जाड झाला, एवढंच. पट्टे खाण्यातून येत नाहीत हे त्या पोराने विष्ठेचे रंग लिहून ठेवत सिद्ध केलं, आणि त्याच्या वर्गशिक्षिकेने ती वही बघायला मागितल्यावर मला जरा संकोचच वाटला.

मला उत्तर लॅबमध्ये मिळालं, रोजच्याच कामात. वर्षातून एक-दोनदा कोणीतरी हळू आवाजात विचारायला येतं की नवऱ्याचा गट ए, बायकोचा बी, मग मूल ओ कसं? मी त्यांना समजावते की दोघांकडेही ओ लपलेला असू शकतो. एकेक प्रत दडलेली, वर दिसत नाही, आणि दोन्ही दडलेल्या प्रती एका मुलात आल्या की ओ बाहेर येतो. हळदीचा पिवळा रंग असाच अप्रभावी असेल, तर ज्याच्यात पिवळा दडलेला नाही अशा पट्टेवाल्या जोडीदाराकडून तिची सगळी पिल्लं पट्टेवालीच होणार. पण प्रत्येकाच्या पोटात हळदीची एक प्रत असणार.

आईकडूनच सगळं ठरत असेल अशीही एक शंका होती. काही गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमध्ये शंख डावीकडे वळणार की उजवीकडे हे पिल्लाच्या नाही, आईच्या जनुकांवरून ठरतं, हे १९२३ मध्येच लक्षात आलं होतं. तसं असतं तर हळदीची सगळी पिल्लं पिवळीही निघू शकली असती. ती निघाली नाहीत, पण आईचा रंग म्हणजे आईची जनुकं नव्हेत, त्यामुळे एवढ्यावर शंका पूर्ण मिटत नव्हती. (वळणाचा विषय निघालाच आहे म्हणून. देवघरातला महागडा दक्षिणावर्ती शंख शास्त्रज्ञांच्या भाषेत डाव्या वळणाचा असतो, कारण ते टोक वर धरून बघतात आणि आपण पूजेत धरतो तसं. आमच्या वाडीतल्या ॲरिओफँटा नावाच्या लहान गोगलगायीही डाव्या वळणाच्याच, पण त्यांना कोणी देव्हाऱ्यात ठेवत नाही.)

युरोपातल्या सेपिया नावाच्या बागेतल्या गोगलगायीवर या विषयाचं बरंच जुनं काम झालं आहे. तिच्यात तपकिरी, गुलाबी आणि पिवळा असे रंग असतात. तपकिरी गुलाबीवर वरचढ, गुलाबी पिवळ्यावर. ऑक्सफर्डच्या केन आणि शेपर्ड यांनी १९५० च्या सुमाराला दाखवलं की थ्रश पक्षी आजूबाजूच्या रंगात न मिसळणाऱ्या गोगलगायी जास्त टिपतो, म्हणून गवतात पिवळ्या टिकतात आणि झाडाखालच्या पाचोळ्यात गडद. आमच्याकडे हे काम भारद्वाज करतो. विऱ्यांच्या ढिगाशेजारी फुटक्या शंखांचे तुकडे पडलेले असतात. गंमत म्हणजे सेपियात बिनपट्ट्याची पट्टेवालीवर वरचढ असते, आणि माझ्या डब्यात बरोबर उलटं. एका गोगलगायीचा नियम दुसरीला लावू नये.

नोव्हेंबरात हवा कोरडी झाली तशा सगळ्या अंग आत ओढून बसल्या आणि शंखाच्या तोंडावर पापुद्र्यासारखा पांढरा पडदा लावून घेतला. पाणी शिंपडत राहिलं तर त्या जाग्या राहतात, पण मलाही विश्रांती हवी होती. सहा महिने डबे फडताळात. मृगाच्या आधी दोन दिवस, २०२३ च्या जूनमध्ये, रात्री फडताळातून नख घासल्यासारखा आवाज आला. पडदे फुटत होते.

आता हळदीला तिच्याच एका पट्टेवाल्या पोराशी जोडलं. पोर की पोरगी हे भाषेला कळत नाही, मी काय करणार. दोन्ही एका डब्यात राहिल्या, दोन्हींनी अंडी घातली, मी दोन्ही ढिगांतली मिळून ३० ठेवली. ऑगस्टच्या शेवटी २७ जगली होती, त्यातली ९ पिवळी! ओजस अंगणात नाचला. मीही त्या दिवशी लॅबमध्ये सगळ्यांना फोटो दाखवले, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही.

दोन दिवसांनी ओजसने विचारलं, "पण काकू, यांचे बाबा कोण?"

मी म्हटलं, असं काय विचारतोस, हळद आणि तिचं पिल्लू. मग बोलता बोलताच थांबले. हळदीकडे वाडीतलं जुनं बीज अजून शिल्लक असू शकत होतं. आणि ती पंधरा भावंडं मी वर्षभर एकाच डब्यात ठेवली होती. ही जात लहानपणी आधी नर म्हणून तयार होते, अंडी घालण्याचं वय नंतर येतं, म्हणजे आम्हाला वाटलं त्याच्या कितीतरी आधी त्यांनी आपसात उरकलेलं असू शकतं. शिवाय कोणती अंडी कोणाची हेही लिहिलेलं नव्हतं. ९ पिवळी खरी, पण ती पाव हिश्शाची होती की अर्ध्या हिश्शाची, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. लॅबमध्ये नमुन्यावर नाव न घालता रिपोर्ट देणाऱ्याला मी काय म्हणाले असते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी २७ मधली आठ, चार पिवळी आणि चार पट्टेवाली, करंगळीच्या नखाएवढी असतानाच एकेकटी लोणच्याच्या बरण्यांत घातली. बरणीवर लॅबचं स्टिकर, जन्मतारीख, क्रमांक. जवळजवळ वर्षभर कोणी कोणाला भेटलं नाही. आठ बरण्या, दर दोन दिवसांनी साफ. घरातलं लोणचं त्या वर्षी आम्ही स्टीलच्या डब्यात घातलं.

हळद २०२४ च्या मेमध्ये गेली. पडदा फोडलाच नाही, वास आला तेव्हा कळलं. वाडीतून आली तेव्हाच पूर्ण वाढलेली होती, तिचं वय कोण सांगणार.

२० जूनच्या रात्री बरणी क्रमांक २ आणि ५, दोन्ही पिवळ्या, एका डब्यात सोडल्या. मी विजेरीवर लाल जिलेटिनचा कागद बांधून बसले होते. पाऊण तास दोघी एकमेकींना शिंगांनी चाचपत फिरल्या, थांबल्या, पुन्हा फिरल्या. मग समोरासमोर उभ्या राहिल्या, पायाचे तळवे एकमेकांना लावून, आणि डोक्याच्या उजव्या बाजूने पांढरट अवयव बाहेर आले. त्यानंतर जवळजवळ सात तास काहीच हललं नाही. पहाटे साडेपाचला सुटल्या तशा मी त्यांना आपापल्या बरणीत परत घातलं. हीच गोष्ट आदल्या वर्षी राहून गेली होती. भेट झाली की वेगळं करायचं, म्हणजे अंडी कोणाची हा प्रश्न उरत नाही. दुसऱ्या रात्री क्रमांक ७ (पट्टेवाली) आणि ३ (पिवळी) यांचंही तसंच.

अंडी निवडून घेतली नाहीत. पिल्लं फुटल्यावर निवडली तर हात नकळत धडधाकट पिल्लाकडे जातो, म्हणून उकरताना हाताला आधी लागली ती वीस प्रत्येक ढिगातून घेतली. पिवळी-पिवळी जोडीची दोन बरण्यांतली मिळून ४०. पट्टे दिसण्याच्या वयापर्यंत ३३ जगली, ३३ पिवळी. दुसऱ्या जोडीची ४० पैकी ३५ जगली. १९ पट्टेवाली, १६ पिवळी.

काउंटरवरचे ते दोन आकडे बघत मी बराच वेळ बसले. दोन पिवळ्या एकत्र आल्या की पट्टा येतच नाही. पट्टा आणि पिवळी एकत्र आल्या तर जवळजवळ निम्मे-निम्मे, म्हणजे क्रमांक ७ च्या पोटात हळद दडलेली होती. वाडीतली ती अनोळखी दुसरी, जिने हळदीला पहिली १४३ अंडी दिली, तिचा रंगही आता मागे जाऊन सांगता येत होता.

या सगळ्याची बातमी कुठून कशी गेली कोण जाणे, पण दिवाळीनंतर पुण्याहून एकाचा फोन आला. पिवळी जोडी हवी होती, घरी पाळायला, म्हणाल ती किंमत. नाही म्हटलं. पुढच्या आठवड्यात त्याने किंमत दुप्पट केली. पुन्हा नाही म्हटलं. फ्लोरिडाची गोष्ट त्यालाही सांगितली, पण त्याला ती सासूबाईंइतकी पटली नाही.

२०२५ ला पुन्हा एकदा पिवळी-पिवळी करून बघितलं, कारण एकदा आलेला रिपोर्ट मी दुसऱ्यांदा लावल्याशिवाय सही करत नाही. जुलैत लॅबमध्ये डेंग्यू-लेप्टोची रांग दारापर्यंत असते, घरी यायला नऊ वाजायचे, त्यामुळे डबे तयार करण्याचं काम जमेल तसं झालं. ३० अंडी ठेवली, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मोजली. २९ पिवळी, २ पट्टेवाली.

बेरीज ३१. मी काउंटर शून्यावर आणून परत मोजली. ३१.

ओजस आता नववीत आहे, पूर्वीसारखा उड्या मारत नाही. त्याने पट्टेवाली दोन्ही चिमट्याने उचलली, एका पिवळीशेजारी पट्टीवर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. पिवळी अकरा मिलिमीटर. पट्टेवाल्या दोन्ही वीसच्या पुढे. ३० पैकी एक अंडं फुटलंच नव्हतं, आणि या दोघी त्यांच्या बहिणी नव्हत्याच, त्यांच्याहून तीन-चार आठवड्यांनी मोठ्या होत्या. वाडीतून आणलेल्या मातीतून आल्या होत्या. ती माती मी तशीच घातली होती, थेट खुरप्याने डब्यात.

सासूबाई पायरीवर वालाच्या शेंगा सोलत होत्या. "भाजायची राहिली होय?" म्हणाल्या. "मला सांगायचं होतंस. संध्याकाळी शेगडी रिकामीच असते."